‘चॅरिटी’ : एका जिव्हाळ्याच्या शब्दाचा इतिहास

काही वर्षांपूर्वी, मी ज्या धर्मग्रामात होतो तेथे नाताळाच्या आधी गरजू कुटुंबांना थोडीफार मदत पोहोचवण्याची प्रथा होती. एका वृद्ध विधवेकडे पाकीट घेऊन गेलेले स्वयंसेवक ते तसेच परत घेऊन आले. मी स्वतः गेलो. आजींनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, प्रकृतीची चौकशी केली आणि मग शांतपणे म्हणाल्या, “फादर, तुमच्यावर राग नाही. पण मला चॅरिटी नको.” मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या त्या बाईंनी एवढा एकच शब्द इंग्रजी वापरला, आणि तो अशा सुरात वापरला, की जणू हातात काहीतरी खरकटे आले आहे.

तो शब्द माझ्या डोक्यात राहिला. कारण सेमिनरीत आम्ही शिकलो होतो, की श्रद्धा, आशा व प्रीती हे तीन ईश्वरदत्त सद्गुण. आणि त्यांतील तिसऱ्याचे आमच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांतील नाव ‘चॅरिटी’ हेच होते. ज्या शब्दाने संत पौलाने सांगितलेला सर्वश्रेष्ठ सद्गुण ओळखला जात होता, तोच शब्द एका स्वाभिमानी बाईला अपमानासारखा वाटावा, हे घडले कसे? त्यानंतर जेव्हा जेव्हा सवड मिळाली तेव्हा मी या शब्दाचा माग काढत गेलो. तो माग प्राचीन रोमच्या धान्यबाजारापासून लंडनच्या कारागृहापर्यंत जातो.

इंग्रजीतील ‘चॅरिटी’चे मूळ लॅटिन ‘कॅरिटास’ या शब्दात आहे, आणि ‘कॅरिटास’चे मूळ ‘कॅरुस’ या साध्या विशेषणात. ‘कॅरुस’ म्हणजे लाडका, जिवलग. आणि ‘कॅरुस’ म्हणजे महागही. ज्याचे मोल फार, ते कॅरुस. इंग्रजीतील ‘डिअर’ या शब्दात हे दोन्ही अर्थ आहेत. पत्राच्या आरंभी आपण ज्याला ‘डिअर’ म्हणतो तो प्रिय असतो, आणि बाजारात कांदे ‘डिअर’ झाले म्हणजे ते परवडेनासे झालेले असतात. सिसेरो या रोमन ग्रंथकाराच्या लेखनात ‘कॅरिटास’चे हे दोन्ही उपयोग सापडतात. कर्तव्याविषयीच्या आपल्या ग्रंथात तो ऱ्होड्स बेटावरील दुष्काळाचे उदाहरण घेतो. बेटावर धान्य कमालीचे महाग झाले आहे आणि अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन आला आहे. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने गिऱ्हाइकांना सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? येथे ‘कॅरिटास’ म्हणजे निव्वळ महागाई. पण दुसऱ्या एका ग्रंथात तोच लेखक माणसामाणसांतील आपुलकीविषयी लिहितो. आईबापांच्या मायेपासून निघून ती घराबाहेर, आप्तांत, मित्रांत, नगरात पसरत जाते आणि अखेर अवघ्या मानवजातीला कवेत घेते. तेथेही शब्द ‘कॅरिटास’च आहे. हे लिखाण प्रभू येशूच्या जन्मापूर्वी साधारण ४५ वर्षांचे. म्हणजे ख्रिस्तसभेने हा शब्द घडवला नाही. तो तिला घरगुती वापरातला, उबदार असा मिळाला.

जाता जाता एक गंमत सांगतो. भाषाशास्त्रज्ञांच्या मते लॅटिन ‘कॅरुस’ आणि आपला संस्कृत ‘काम’ हे एकाच प्राचीन धातूपासून निघालेले आहेत. त्या धातूचा अर्थ आवडणे, हवेसे वाटणे असा होता. एकाच घरातील दोन भावंडांपैकी एक षड्रिपूंत जाऊन बसला आणि दुसरा सद्गुणांचा मुकुटमणी झाला!

नव्या करारातील ग्रीक शब्द ‘अगापे’ याचे लॅटिन भाषांतर करताना भाषांतरकारांनी ‘कॅरिटास’ आणि ‘दिलेक्सिओ’ असे दोन शब्द वापरले. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात त्यांनी ‘कॅरिटास’ निवडला, आणि देव स्वतः कोण आहे हे संत योहान सांगतो तेथेही तोच. ‘आमोर’ हा प्रेमासाठीचा सर्वांत रुळलेला शब्द बहुतेक ठिकाणी बाजूला राहिला. त्यावरून काहींनी असा समज करून घेतला, की ‘आमोर’ म्हणजे वाईट प्रेम आणि ‘कॅरिटास’ म्हणजे चांगले प्रेम. संत ऑगस्टीनने ‘देवनगरी’ या ग्रंथाच्या चौदाव्या भागात शास्त्रवचनांच्या आधारे हा समज खोडून काढला. हे शब्द शास्त्रात एकमेकांच्या जागी येतात, आणि इच्छा सरळ असेल तर प्रेम चांगले, वाकडी असेल तर वाईट, असे त्याचे म्हणणे. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने मात्र एक सूक्ष्म भेद नोंदवला. ‘कॅरिटास’मध्ये प्रेमाला एक विशेष पूर्णता येते. ज्याच्यावर प्रेम करायचे त्याला आपण फार मोलाचा मानतो, आणि हे त्या शब्दातच सूचित आहे, असे तो सांगतो. ऱ्होड्सच्या बाजारातील महागाई अशी ईश्वरशास्त्रात आली. चॅरिटी म्हणजे समोरच्या माणसाला महाग मानणे.

हा शब्द इंग्लंडमध्ये पोहोचला तो नॉर्मन लोकांच्या फ्रेंच भाषेतून. पीटरबरो येथील मठात लिहिल्या जात असलेल्या जुन्या बखरीत तो प्रथम डोकावतो. राजा स्टीफनच्या राज्यातील तो काळ मोठा भयंकर होता. सरदारांनी गढ्या बांधल्या होत्या, खेडी ओस पडली होती, लोक भुकेने मरत होते. त्या सर्व वर्षांत मठाधिपती मार्टिन याने आपल्या साधूंना व पाहुण्यांना काही कमी पडू दिले नाही आणि घरात मोठी ‘कॅरिटेड’ राखली, असे बखरकार लिहितो. येथे तिचा अर्थ प्रेम असा घ्यावा, की भोजन असा, हे ठरवणे कठीण आहे. आणि मला तर ते ठरवूही नये असे वाटते. त्याच ‘कॅरुस’च्या वंशात इंग्रजीला ‘चेरिश’ म्हणजे जिवापाड जपणे आणि ‘करेस’ म्हणजे मायेने गोंजारणे हे शब्द मिळाले. ‘चॅरिटी’ची ही सख्खी नातलग मंडळी.

इंग्रजीत जिव्हाळ्यासाठी ‘फॉन्ड’ असाही एक शब्द आहे, त्याची जातकुळी पाहिली म्हणजे फरक ध्यानी येतो. ‘फॉन्ड’चा मूळ अर्थ मूर्ख, खुळा. ज्याला प्रेमाने खूळ लागले तो ‘फॉन्ड’. आपल्याकडेही आईच्या मायेला ‘वेडी माया’ म्हणतातच. आणि ‘माया’ हा शब्द तर ज्ञानी लोकांनी भ्रमासाठी राखून ठेवला आहे. प्रेम आंधळे करते, ही बाजू ‘फॉन्ड’मध्ये दिसते. प्रेम समोरच्याचे खरे मोल दाखवते, ही बाजू ‘चॅरिटी’मध्ये होती.

होती, असे म्हणावे लागते. कारण पंधराव्या शतकाच्या अखेरीस सामान्य इंग्रज माणसाच्या तोंडी हा शब्द दुसऱ्याच कामाला लागला होता. भिकारी दारात ‘चॅरिटी’च्या नावाने हात पसरत आणि घरमालक दमडी टाकून आजची आपली ‘चॅरिटी’ झाली असे म्हणे. याच घटकेला हा शब्द दोन विद्वानांच्या भांडणात सापडला, आणि ते भांडण साधे नव्हते.

विल्यम टिंडेल हा ऑक्सफर्डला शिकलेला इंग्रज धर्मगुरू. मूळ ग्रीकवरून त्याने नव्या कराराचे इंग्रजी भाषांतर केले. इंग्लंडमध्ये ते छापण्यास परवानगी मिळेना म्हणून तो जर्मनीत गेला आणि १५२६ साली व्हर्म्स या शहरात त्याचे पुस्तक छापून निघाले. कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून प्रती इंग्लंडमध्ये येऊ लागल्या. लंडनचे बिशप टन्स्टल यांनी त्या जमवून जाळल्या. आज त्या आवृत्तीच्या तीनच प्रती शिल्लक असल्याचे माहीत आहे. दोन वर्षांनी बिशपांनी थॉमस मोर यांना ही निषिद्ध पुस्तके वाचून त्यांचे खंडन करण्याची परवानगी दिली. मोर हे नामवंत कायदेपंडित आणि ‘यूटोपिया’चे लेखक, पुढे राजा आठव्या हेन्रीचे चॅन्सेलर झाले.

१५२९ साली प्रसिद्ध झालेल्या संवादात्मक ग्रंथात मोर यांनी टिंडेलच्या भाषांतरातील तीन शब्दांवर प्रथम बोट ठेवले. जेथे ‘प्रीस्ट’ हवा तेथे टिंडेलने ‘सीनियर’ घातला, ‘चर्च’च्या जागी ‘काँग्रिगेशन’ घातला आणि ‘चॅरिटी’च्या जागी ‘लव्ह’. पहिल्या दोन शब्दांत ख्रिस्तसभेची सारी रचनाच पणाला लागली होती, हे आपल्या लक्षात येईल. पण तिसऱ्याबद्दल एवढे रान का उठवावे? मोर यांचे म्हणणे असे, की ‘लव्ह’ हा शब्द सरसकट आहे. तरुणतरुणींचे आकर्षण, पैशाचा लोभ, कुत्र्यामांजरांची आवड या सर्वांना इंग्रज माणूस ‘लव्ह’ म्हणतो. ‘चॅरिटी’ म्हणजे तसले कोणतेही प्रेम नव्हे. सद्गुणी आणि सुव्यवस्थित प्रेम तेवढेच चॅरिटी. चांगला नेमका शब्द भाषेत असताना तो टाकून संदिग्ध शब्द घेण्यामागे काही हेतू असला पाहिजे, असा वकिली प्रश्न त्यांनी केला आणि उत्तरही दिले. केवळ श्रद्धेने तारण होते असे मार्टिन ल्यूथर शिकवतो. मग चॅरिटीचे माहात्म्य कमी करण्यासाठी तिला रस्त्यावरच्या ‘लव्ह’च्या रांगेत उभे करणे सोयीचेच होय.

टिंडेलने १५३१ मध्ये उत्तर दिले, आणि ते वाचताना आजही हसू येते, इतके ते व्यवहारी आहे. ‘अगापे’चा जो अर्थ आहे त्या अर्थाने ‘चॅरिटी’ हा शब्द इंग्रज लोकांना ठाऊकच नाही, असे तो म्हणतो. भिक्षेकरी ‘सेंट चॅरिटी’च्या नावाने मागतात, मुले तिच्या नावाने बापाचा आशीर्वाद मागतात, तिचा अर्थ काय हे त्यांतील एकालाही माहीत नाही. आजची चॅरिटी झाली असे कोणी म्हणाला तर त्याच्या मनात भीक असते. तापट माणसाला ‘चॅरिटी नसलेला’ म्हणतात, तेव्हा अर्थ सोशिकपणा असतो. शेवटी तो व्याकरणाचा मुद्दा काढतो. ग्रीकमध्ये ‘अगापे’ या नामाबरोबर क्रियापद आहे. इंग्रजीत ‘लव्ह’ हे नामही आहे आणि क्रियापदही. पण देवाला ‘चॅरिटी’ कर, शेजाऱ्याला ‘चॅरिटी’ कर, असे कोणी इंग्रज म्हणेल काय? ज्या शब्दाने प्रभूची सर्वांत मोठी आज्ञाच उच्चारता येत नाही, तो शब्द त्या आज्ञेच्या गाभ्यासाठी कसा चालेल?

कॅथलिक धर्मगुरू म्हणून माझी ओढ मोर यांच्याकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही या एका मुद्द्यावर टिंडेलचे पारडे जड आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. संत ऑगस्टीनने एक हजार वर्षांपूर्वी जे सांगितले होते, की शब्द भेद करीत नाही, इच्छेची दिशा भेद करते, तेच टिंडेलच्या उपयोगी पडते. संत थॉमस अक्वायनसची साक्ष मात्र मोर यांच्या बाजूने जाते. शब्द ढिला झाला की कल्पनाही ढिली होते, ही मोर यांची भीती खोटी नव्हती. चित्रपटांच्या जाहिरातींत ‘लव्ह’चे आज जे झाले आहे, ते पाहणाऱ्याला ती भीती समजावून सांगावी लागत नाही.

या कडवट वादात एक क्षण असा येतो, की दोघांच्या तोंडून नकळत जिव्हाळ्याचा शब्द निघून जातो. ‘चर्च’ऐवजी ‘काँग्रिगेशन’ म्हणणे हा गुन्हा असेल, तर इरॅस्मसने लॅटिन भाषांतरात तेच केले आहे. मग मोर आपल्या त्या ‘डार्लिंग’ इरॅस्मसला का जाब विचारीत नाहीत, असे टिंडेलने डिवचले. मोर यांनी पुढच्या ग्रंथात उत्तर दिले, की इरॅस्मसच्या मनात दुष्ट हेतू मला आढळला असता तर तो माझा लाडका राहिला नसता. पण तसे काही नाही, तेव्हा माझा लाडका इरॅस्मस माझा परमलाडकाच राहील. शेकडो पानांच्या त्या रुक्ष खंडनात हे वाक्य वाचले आणि मला एकदम मोर भेटले.

पण इतिहास लिहायचा तर पुढचेही लिहिले पाहिजे. मोर चॅन्सेलर असताना इंग्लंडमध्ये सहा जणांना पाखंडी म्हणून जाळण्यात आले आणि मोर यांना ते योग्य वाटत होते. टिंडेलविषयी त्यांनी वापरलेली काही विशेषणे मी या त्रैमासिकात लिहू शकणार नाही. ज्या शब्दाच्या शुद्धतेसाठी ते लढत होते, त्या शब्दाची त्यांच्या लेखणीला अनेकदा आठवण राहिली नाही. टिंडेलची लेखणीही फारशी सौम्य नव्हती.

दोघांचाही अंत सव्वा वर्षाच्या अंतराने झाला. राजाला ख्रिस्तसभेचा प्रमुख मानण्यास नकार दिला म्हणून मोर यांचा ६ जुलै १५३५ रोजी लंडनमध्ये शिरच्छेद झाला. टिंडेलला मे १५३५ मध्ये अँटवर्प येथे एका इंग्रज माणसाने मैत्रीचे नाटक करून पकडून दिले. त्या वेळी मोर स्वतःच कैदेत होते. ब्रसेल्सजवळच्या व्हिल्व्होर्ड किल्ल्यातून टिंडेलने अधिकाऱ्याला लिहिलेले एक लॅटिन पत्र उपलब्ध आहे. हिवाळा येत आहे, डोक्याला फार थंडी वाजते, तेव्हा माझ्या सामानातील उबदार टोपी व अंगरखा द्यावा, पायमोजे शिवायला कापडाचा तुकडा द्यावा, संध्याकाळी दिवा द्यावा. आणि सर्वांत आधी माझे हिब्रू बायबल, व्याकरण व शब्दकोश द्यावा, अशी त्यात विनवणी आहे. ऑक्टोबर १५३६ मध्ये त्याला गळा आवळून मारण्यात आले आणि प्रेत जाळण्यात आले.

शब्दाचे भांडण मात्र पुढे साडेतीनशे वर्षे चालू राहिले. परागंदा इंग्रज कॅथलिकांनी १५८२ साली फ्रान्समधील रीम्स येथे आपला नवा करार प्रसिद्ध केला. त्यात साहजिकच ‘चॅरिटी’ आहे; देवसुद्धा तेथे ‘चॅरिटी’च आहे. १६११ च्या किंग जेम्स बायबलने मोठी चमत्कारिक तडजोड केली. संत योहानाच्या पत्रात ‘लव्ह’ ठेवले आणि संत पौलाच्या तेराव्या अध्यायात ‘चॅरिटी’ परत आणली. १८८१ साली त्या बायबलची सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा तेथेही ‘लव्ह’ आले. आपल्याकडे मॉन्सिनियर रोनाल्ड नॉक्स यांच्या १९४५ च्या नव्या करारात ‘चॅरिटी’ टिकून होती. व्हॅटिकन परिषदेनंतर १९६६ साली आलेल्या जेरुसलेम बायबलमध्ये ‘लव्ह’ आहे. ज्या शब्दासाठी टिंडेलला दोष दिला गेला, तो शब्द आज इंग्रजी मिस्साबलिदानात आपल्याच वेदीवरून वाचला जातो.

प्रार्थनेच्या पुस्तकातून निघालेली ‘चॅरिटी’ गेली कोठे? ती कचेरीत गेली. १५३६ ते १५४० या काळात हेन्रीने इंग्लंडमधील मठ बंद केले आणि मठांच्या दारांशी मिळणारी भाकर बंद झाली. पुढे राणी एलिझाबेथच्या काळात, १६०१ साली, धर्मादाय निधीच्या गैरवापराला आळा घालणारा कायदा झाला. त्याच्या प्रस्तावनेत चॅरिटीची कामे मोजून सांगितली आहेत. वृद्ध व दुर्बळांना मदत, जखमी सैनिकांचा सांभाळ, शाळा, पूल, बंदरे, रस्ते, अनाथांचे शिक्षण, गरीब मुलींची लग्ने, कैद्यांची सुटका अशी ती यादी आहे. कामे उत्तम आहेत, यात वाद नाही. १८९१ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने तिचे चार गट पाडले : दारिद्र्यनिवारण, शिक्षण, धर्मप्रसार आणि इतर लोकोपयोगी कामे. इंग्रजी राज्याबरोबर हा विचार मुंबईत आला आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात त्याची छाया उतरली. आमच्यासारख्या धर्मगुरूंना ‘चॅरिटी’ हा शब्द वर्षातून एकदा हिशेबाची कागदपत्रे तयार करताना हटकून भेटतो, तो चॅरिटी कमिशनर, म्हणजे धर्मादाय आयुक्त, यांच्या नावात. ‘धर्मादाय’ हे भाषांतर चोख आहे. त्यात जिव्हाळा नाही, आणि कायद्याने तो मागायचाही नसतो.

इंग्रजीत तर ‘चॅरिटीसारखे थंड’ अशी म्हण पडली. १८६९ साली लंडनमध्ये मदतीचे सुसूत्रीकरण करणारी एक मोठी संस्था निघाली. गरिबांची घरोघर चौकशी करून लायक कोण व नालायक कोण याची नोंद ठेवणे, हे तिचे मुख्य काम झाले. आमच्या आजींच्या सुरात जे होते ते येथून आले असावे. इतक्या दूरचा वारा एका शब्दावर बसून आमच्या आळीपर्यंत आला, याचे नवल वाटते.

अर्थात मूळ अर्थ जपणारे लोकही होतेच. संत व्हिन्सेंट दि पॉल आणि संत लुईझ द मारिलाक यांनी १६३३ साली पॅरिसमध्ये ज्या भगिनींना एकत्र आणले त्यांचे नाव ‘चॅरिटीच्या कन्या’. जर्मनीत १८९७ साली सुरू झालेल्या सेवासंघाने थेट लॅटिन ‘कॅरिटास’ हेच नाव घेतले, आणि १९६२ पासून कॅरिटास इंडिया आपल्याकडे आहे. मदर तेरेसांनी १९५० साली कोलकात्यात स्थापन केलेल्या संघाच्या नावातही हाच शब्द आहे. गरिबांना तू भाकर दिलीस याची क्षमा ते तुला करतील ती केवळ तुझ्या प्रेमामुळे, अशा आशयाचे एक वचन संत व्हिन्सेंटच्या नावावर सर्वत्र सांगितले जाते. मीही अनेक प्रवचनांत ते सांगितले आहे. पुढे कळले, की ते वचन संताच्या लेखनातले नसून त्याच्या जीवनावरील १९४७ च्या एका फ्रेंच चित्रपटातले आहे आणि ते नाटककार झाँ आनुई यांच्या लेखणीतून उतरले आहे. आता मी ते आनुईंच्या नावाने सांगतो. २००५ च्या नाताळाच्या दिवशी पोप बेनेडिक्ट १६ वे यांनी आपल्या पहिल्या परिपत्रावर सही केली, तिचे शीर्षकच ‘देऊस कॅरिटास एस्त’ असे आहे. देणाऱ्याने वस्तूबरोबर स्वतःलाही दिले नाही, तर दान घेणाऱ्याला खाली पाहावे लागते, या अर्थाचे त्यांचे विवेचन त्या परिपत्राच्या दुसऱ्या भागात आहे.

मराठीपुरते पाहिले तर आपण एका संकटातून वाचलो. मराठी बायबलमध्ये तेराव्या अध्यायासाठी ‘प्रीती’ हा शब्द आला, आणि भिक्षेसाठी आपल्याकडे दान, धर्म, दानधर्म हे शब्द आधीच वेगळे होते. ‘धर्म कर, माय’ असे दारात कोणी म्हणाले तरी ‘प्रीती’ला त्याचा स्पर्श होत नाही. टिंडेलची व्याकरणाची कसोटीही ती उतरते. देवावर प्रीती कर, शेजाऱ्यावर प्रीती कर, असे आपण सहज म्हणतो. उणे एवढेच, की ‘प्रीती’ आता देवळात आणि भावगीतांत राहते. स्वयंपाकघरात तिची जागा ‘माया’ आणि ‘जीव लावणे’ यांनी घेतली आहे. याच इंग्लंडमधून, कॅथलिकांच्या छळाच्या काळात, बाहेर पडलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले. १६१६ साली छापलेल्या आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’त स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ म्हणायला ते कचरले नाहीत. शब्दांवरून पेटलेल्या शेकोट्यांच्या देशातला माणूस परक्या भाषेत इतका निर्धास्त वावरला, याचे मला फार अप्रूप आहे.

थॉमस मोर यांचे एक पत्र सांगायचे राहिले.

१ जुलै १५३५ रोजी वेस्टमिन्स्टर येथे मृत्युदंडाची शिक्षा ऐकून मोर यांना टॉवरच्या कारागृहात परत आणले जात होते. त्यांची थोरली कन्या मार्गारेट धक्क्यावर वाट पाहत उभी होती. शिपायांच्या भाल्याबरच्यांमधून वाट काढत ती आत घुसली आणि सर्वांदेखत बापाच्या गळ्यात पडून तिने त्यांचे मुके घेतले. त्यांनी तिला आशीर्वाद दिला. ती निघाली, थोडी पुढे गेली आणि पुन्हा धावत मागे आली. पाहणाऱ्या परक्या लोकांच्याही डोळ्यांत पाणी आले, असे तिच्या पतीने नंतर लिहून ठेवले आहे. ५ जुलैला, मृत्यूच्या आदल्या दिवशी, मोर यांनी तिला शेवटचे पत्र लिहिले. लेखणी काढून घेतलेली असल्यामुळे ते कोळशाने लिहिले होते. त्यात ते म्हणतात, की परवा तू माझे चुंबन घेतलेस तेव्हाचे तुझे वागणे मला जितके आवडले तितके पूर्वी कधीच आवडले नव्हते. कारण लेकीचे प्रेम आणि ‘डिअर चॅरिटी’ यांना जगाच्या रीतिरिवाजाकडे पाहायला सवड नसते तेव्हा मला ते फार भावते.

मूळ इंग्रजीत ‘लव्ह’ आणि ‘चॅरिटी’ हे दोन्ही शब्द त्या एका वाक्यात शेजारी शेजारी आहेत. सहा वर्षांपूर्वी ज्यांच्यात त्यांनी भिंत उभी केली होती ते दोन शब्द येथे एकाच मिठीसाठी आले आहेत, आणि ‘चॅरिटी’च्या आधी ‘डिअर’ आहे. जिवलग, महाग, मोलाची. लॅटिन उत्तम जाणणाऱ्या माणसाला आपण एकच अर्थ दोनदा लिहितो आहोत हे ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही.

पत्रात पुढे घरच्यांची आठवण आहे. आणखी एक मुलगी सेसिली हिच्यासाठी त्यांनी एक हातरुमाल पाठवला आहे. घरात वाढवलेली मानसकन्या मार्गारेट क्लेमंट हिला तिची गणिते करण्याची पाटी परत पाठवली आहे. ती पाटी कारागृहात त्यांच्याजवळ का होती, हे त्यांनी लिहिलेले नाही.